हंचबॅक, नॅनोस, प्युमिलिओ: फळमाशीच्या भ्रूणातल्या पहिल्या दोन तासांत कोण कोणाला धरतं, ते मोजायचं कसं?

सूक्ष्मिका (धागाकर्ती)

ड्रोसोफिलाच्या भ्रूणात मागच्या टोकाला नॅनोस, प्युमिलिओ आणि ब्रॅट ही तीन प्रथिनं मिळून हंचबॅक या प्रथिनाला रोखतात, हे पाठ्यपुस्तकात असतं. एमएस्सीच्या प्रकल्पात हेच प्रयोगाने दाखवायचं आहे. योजना अशी:

२५ अंशांवर ०-२ तासांची अंडी गोळा करायची. वन्य (जनुकात बिघाड नसलेली) आणि नॅनोस म्युटंट (नॅनोसचं जनुक बिघडलेली) अशा दोन्ही अंड्यांतून आरएनए काढायचा, ऑलिगो-डीटीने (एमआरएनएच्या पॉली-ए शेपटीवर बसणाऱ्या प्रायमरने) सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) करायचा, हंचबॅकचं क्यूपीसीआर (रेणूंची मात्रा मोजणारी चाचणी) करून आरपी४९ या स्थिर मानल्या जाणाऱ्या जनुकाने नॉर्मलाइझ करायचं. दुसऱ्या बाजूला त्याच वयाच्या अंड्यांच्या लायसेटमधून (भरडून काढलेल्या द्रवातून) जीएफपी (चमकणारं प्रथिन) लावलेला प्युमिलिओ जीएफपी-ट्रॅप बीड्सवर खेचायचा आणि सोबत नॅनोस, ब्रॅट येतात का ते वेस्टर्नवर (जेलवर अँटिबॉडीने प्रथिन ओळखून) पाहायचं. आरएनेजचा (आरएनए कापणाऱ्या एन्झाइमचा) एक कंट्रोल.

यात कुठे अडेल? काय बदलावं?

---

उत्तरध्रुव

पहिला भाग आहे तसा केलात तर उत्तर मिळणार नाही, आणि त्याचं कारण तंत्रात नाही, जीवशास्त्रात आहे.

आईने अंड्यात भरलेला हंचबॅकचा एमआरएनए अख्ख्या अंड्यात सारखा पसरलेला असतो. नॅनोस त्याचं प्रथिन होणं अडवतो, म्हणजे अडवणूक भाषांतराच्या पायरीवर आहे. मागच्या भागातल्या एमआरएनएची पॉली-ए शेपूट आखूड होते आणि नंतर तो नष्टही होतो, पण ते पुढे, आणि अंड्याच्या फक्त मागच्या भागात. अख्खं अंडं ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढायच्या द्रावणात) विरघळवलंत की पुढचा आणि मागचा भाग एकत्र होतो. वन्य आणि म्युटंट यांत मग थोडासा फरक दिसेल किंवा दिसणारही नाही. 'फरक नाही, म्हणून नॅनोस काही करत नाही' असा निष्कर्ष काढणं साफ चूक ठरेल.

दुसरी अडचण ऑलिगो-डीटीची. या वयात मातृक (आईने भरलेल्या) एमआरएनएंच्या शेपट्यांची लांबी सतत बदलत असते. अंडं सक्रिय झाल्यावर पेशीद्रवात काहींच्या शेपट्या लांबवल्या जातात. बायकॉइड (पुढच्या टोकाची दिशा ठरवणारं जनुक) हे त्याचं ठळक उदाहरण. काहींच्या आखूड होतात. मागच्या टोकाचा हंचबॅक त्यांतला. ऑलिगो-डीटी लांब शेपटीवर चांगला बसतो, आखूड शेपटीवर नीट बसत नाही. त्यामुळे रेणूंची संख्या तीच राहूनही क्यूपीसीआरमध्ये वाढ किंवा घट दिसते. रँडम हेक्झामर (आरएनएवर कुठेही बसणारे सहा बेसांचे प्रायमर) वापरा.

तिसरी अडचण: ०-२ तासांत हंचबॅक दोन ठिकाणांहून येतो. मातृक एमआरएनए पी१ प्रमोटरवरून (जनुकाचं लिप्यंतरण सुरू होण्याच्या जागेवरून), ३.२ किलोबेसचा. झायगोटिक (भ्रूणाच्या स्वतःच्या जनुकांवरून बनलेला) एमआरएनए बायकॉइडच्या हुकमाने पी२ वरून, २.९ किलोबेसचा, तोही पुढच्या अर्ध्या भागात. दोघांचं प्रथिन एकच. कोडिंग भागात प्रायमर बसवलेत तर दोन्हींची बेरीज मिळते. ५-प्राइम टोक मात्र दोघांचं निराळं आहे. फॉरवर्ड प्रायमर तिथे ठेवा, रिव्हर्स समाईक भागात.

आणि एक गोष्ट अगदी सुरुवातीलाच पक्की करा. 'नॅनोस म्युटंट भ्रूण' म्हणजे नॅनोस म्युटंट आईची अंडी. भ्रूणाचा स्वतःचा जीनोटाइप इथे निरुपयोगी आहे. हेटेरोझायगस माश्या एकमेकांत लावून एक चतुर्थांश म्युटंट भ्रूण मिळतील या हिशोबाने गेलात तर सगळीच वन्य वागतील.

---

मंजिरी_ल

वर जे म्हटलंय त्याला पूर्ण अनुमोदन. मी अंडी गोळा करण्याबद्दल लिहिते, कारण सुरुवातीच्या भ्रूणावरचे निम्म्याहून जास्त प्रयोग तिथेच बिघडतात.

०-२ तास म्हणजे काय ते बघा. २५ अंशांवर पहिली आठ-नऊ केंद्रक विभाजनं प्रत्येकी ८-९ मिनिटांत होतात, पेशीपटल न बनता. नवव्या-दहाव्या चक्राला केंद्रकं पृष्ठभागाशी येतात, मागच्या टोकाला ध्रुवपेशी तयार होतात. मग चक्रं लांबत जातात आणि तेरावं साधारण २० मिनिटांचं होतं. चौदावं सुरू होतं ते सव्वादोन तासांच्या आसपास. त्यात तासभर पेशीपटलं उतरतात आणि सुमारे ६००० केंद्रकांच्या पेशी होतात. तुमच्या एकाच नळीत एका केंद्रकाचं अंडं आणि तेराव्या चक्रातलं भ्रूण शेजारी शेजारी असणार. पहिल्यात झायगोटिक लिप्यंतरण जवळपास शून्य, दुसऱ्यात हंचबॅक जोरात सुरू.

त्यात भर साठवलेल्या अंड्यांची. अंडी घालायला बरी जागा नसली, यीस्ट वाळलेलं असलं, की माद्या फलित अंडं आत धरून ठेवतात. मग तुमच्या ताज्या प्लेटवर गॅस्ट्रुलेशन झालेली (पेशी आत वळू लागलेली, बरीच पुढची) भ्रूणंही सापडतात. उपाय:

३ ते ७ दिवस वयाच्या माद्या. आदले दोन दिवस रोज ताजी यीस्ट पेस्ट. गोळा करायच्या दिवशी आधी एकेक तासाच्या दोन प्लेट लावून फेकून द्यायच्या. तिसऱ्या प्लेटपासून मोजायला घ्यायचं. पिंजऱ्यापाशी वर्दळ, उजेडाची उघडझाप नको.

प्लेट: ३% अगार, साधारण २५% सफरचंदाचा किंवा द्राक्षाचा रस, २.५% साखर. अगार उकळून ६० अंशांपर्यंत निवल्यावरच मिथाइल पॅराबेन घालायचं, अल्कोहोलमधलं १०% द्रावण लिटरला १० ते १५ मिली. उकळत्या अगारात घातलं तर अल्कोहोल भपकन उडतं. जास्त झालं तर माद्या अंडी घालत नाहीत. नाशिकच्या द्राक्षांच्या हंगामात ताजा रस गाळून फ्रीझ करून ठेवला तर वर्षभर सारख्या प्लेट मिळतात.

तापमानाबद्दल तडजोड करू नका. १८ अंशांवर सगळं जवळजवळ दुप्पट वेळ घेतं आणि विदर्भातल्या मे महिन्यात टेबलावर ठेवलेला पिंजरा २५ अंशांचा नसतो. इन्क्युबेटरच्या पडद्यावरचा आकडा बघून भागत नाही. आत पिंजऱ्याशेजारी थर्मामीटर ठेवा. वीज जाऊन आली असेल तर त्या दिवसाची अंडी या कामाला वापरू नका.

---

सूक्ष्मिका

खूप उपयोगी. दोन प्रश्न. ०-१ तास घेतले तर झायगोटिकची भानगड टळेल का? आणि एमआरएनए मोजून उत्तर मिळत नसेल तर नेमकं मोजायचं काय?

---

केंद्रक

०-१ तासाने झायगोटिक टळतं, पण प्रश्न तसाच राहतो. मोजायचं आहे ते प्रथिन, जागेसकट. म्हणजे भ्रूण अख्खं ठेवून, एकाच भ्रूणात हंचबॅकचा एमआरएनए आणि हंचबॅकचं प्रथिन दोन्ही रंगवायचं. वन्य भ्रूणात मागच्या टोकाला एमआरएनए आहे पण प्रथिन नाही, नॅनोस नसलेल्या भ्रूणात तिथेच दोन्ही आहेत: हे एक चित्र दहा क्यूपीसीआरच्या तोडीचं आहे.

पद्धत देतो.

फिक्सिंग: अंडी जाळीत घ्या. सोडियम हायपोक्लोराइट अंतिम २.५ ते ३% इतकं, २ ते ३ मिनिटं, की कोरिऑन (अंड्याचं बाहेरचं कवच) निघून जातं. सूक्ष्मदर्शकाखाली पुढच्या टोकाची दोन शिंगं दिसेनाशी झाली की थांबा. जुन्या बाटलीतलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. वेळ वाढवण्यापेक्षा नवी बाटली उघडा. घरगुती ब्लीच वापरायचं तर सुवास-साबण नसलेलं. टॉयलेट क्लीनर आम्लाचे असतात, ते हायपोक्लोराइटमध्ये मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो, सिंकमध्येसुद्धा एकत्र ओतू नका. मग भरपूर पाण्याने धुवा, वास जाईपर्यंत.

काचेच्या कुपीत ५ मिली हेप्टेन आणि ५ मिली ४% फॉर्माल्डिहाइड पीबीएसमध्ये. २० ते २५ मिनिटं जोरात हलत राहू द्या. अंडी दोन थरांच्या सीमेवर नाचत राहिली पाहिजेत. खालचा फॉर्माल्डिहाइडचा थर पूर्ण काढा, तेवढंच मिथेनॉल घाला, ३० ते ६० सेकंद दणकून हलवा. व्हायटेलाइन पडदा (कोरिऑनच्या आतला) फुटलेली भ्रूणं तळाशी जातात. मधे तरंगतात ती टाकून द्या, त्यांच्यात प्रोब शिरत नाही. मिथेनॉलने तीनदा धुऊन उणे २० अंशांवर ठेवली तर महिनोन्महिने टिकतात.

खूप कोवळी भ्रूणं, चौथ्या-पाचव्या चक्राच्या आतली, इथे जास्त फुटतात. म्हणजे फिक्स झालेल्या गठ्ठ्यात तुमच्या नकळत मोठ्यांचं प्रमाण वाढतं. हे लक्षात ठेवून आकडे काढा.

एमआरएनएसाठी एचसीआर (प्रोबवर चमकणारी साखळी वाढवून एमआरएनए दाखवणारी पद्धत) तिसरी आवृत्ती. भ्रूणं पीबीएस-ट्वीनमध्ये आणा, ३७ अंशांवर ३० मिनिटं प्रोब बफरमध्ये ठेवा. मग ५०० मायक्रोलिटरला २ पिकोमोल प्रोब, म्हणजे ४ नॅनोमोलर, ३७ अंशांवर रात्रभर. दुसऱ्या दिवशी ३७ अंशांवरच १५ मिनिटांची चार धुणी, मग ५ एक्स एसएससीटी. साखळी बनवणाऱ्या हेअरपिन एच१ आणि एच२ वेगवेगळ्या नळ्यांत ९५ अंशांवर ९० सेकंद, मग अंधारात खोलीच्या तापमानाला ३० मिनिटं. त्यानंतरच एकत्र करायच्या, प्रत्येकी ३० पिकोमोल ५०० मायक्रोलिटरमध्ये, रात्रभर. आधीच एकत्र करून तापवल्या तर त्या तिथल्या तिथे एकमेकींत गुंफल्या जातात आणि भ्रूणात प्रोबवर साखळी वाढायला काही उरत नाही.

प्रोटीनेज के टाळा. पुढे अँटिबॉडी लावायची आहे आणि ते एपिटोप (अँटिबॉडी धरते तो प्रथिनाचा भाग) खाऊन टाकतं. या वयाच्या भ्रूणात त्याशिवाय भागतं. एचसीआर झाल्यावर हंचबॅकची अँटिबॉडी, शेवटी डॅपी (केंद्रकातला डीएनए दाखवणारा रंग). अंड्यातला बलक हिरव्या चॅनलमध्ये स्वतःच चमकतो, म्हणून जो सिग्नल कमजोर असेल तो दूरच्या लाल रंगात ठेवा.

वय ठरवायचं ते डॅपीवरून, प्लेटवरच्या घड्याळावरून नाही. पृष्ठभागावर ५० मायक्रॉनच्या पट्ट्यात केंद्रकं मोजा. चौदाव्या चक्रात दोन शेजाऱ्यांमधलं अंतर ६-७ मायक्रॉन भरतं, आधीच्या चक्रांत त्याहून जास्त. चौदाव्याच्या आतली मिनिटं हवी असतील तर पेशीपटल किती खोल उतरलंय ते मोजा.

अवांतर: पी१ आणि पी२ वेगळे दाखवायला एचसीआर अवघड आहे, निराळा भाग फार आखूड असल्याने पुरेशा प्रोब-जोड्या बसत नाहीत. पण झायगोटिक लिप्यंतरण सुरू झालं की केंद्रकात एक-दोन ठसठशीत ठिपके दिसतात, नुकताच तयार होत असलेला आरएनए. पेशीद्रवातला विखुरलेला सिग्नल मातृक असू शकतो, केंद्रकातला ठिपका नाही. एवढ्याने तुमचं काम होईल.

---

उत्तरध्रुव

क्यूपीसीआर टाकून द्यायची गरज नाही, प्रश्न बदला. 'मातृक हंचबॅक किती वेगाने संपतो' हे त्यातून नीट काढता येईल.

नॉर्मलायझेशन आरपी४९ ने करू नका. पहिल्या तीन तासांत मातृक एमआरएनएंचा मोठा हिस्सा नष्ट होतो. स्मॉग हे प्रथिन सीसीआर४-नॉट संकुलाला बोलावून शेपट्या कातरतं, पुढे झायगोटिक मायक्रोआरएनए येतात. त्याच वेळी नवे हजारो एमआरएनए भरतात. एकूण साठाच हलत असताना त्यातला कुठलाही एक 'स्थिर' मानणं धोक्याचं. त्याऐवजी भ्रूणं मोजून घ्या, प्रत्येक नळीत ३०. ट्रायझॉलमध्येच बाहेरचा, माशीत नसलेला आरएनए ठरलेल्या मात्रेत घाला. ल्युसिफरेजचा प्रयोगनळीत बनवलेला आरएनए चालतो. आकडा 'दर भ्रूण' मांडा. डीएनेज आणि आरटी (आरएनएचा सीडीएनए करणारं एन्झाइम) नसलेला कंट्रोल हवाच.

सोबत अफलित अंड्यांचा गट ठेवा. कुमारी माद्याही अंडी घालतात, ती अंडी सक्रिय होतात, पण त्यात झायगोटिक लिप्यंतरण होत नाही. फलितमध्ये कमी झालं आणि अफलितमध्ये झालं नाही तर त्या घटीला झायगोटिक काहीतरी लागतं. फार स्वस्त आणि फार बोलका कंट्रोल आहे हा.

---

वाटसरू

मी या क्षेत्रातला नाही, पण उत्सुकतेने वाचतोय. एक बाळबोध शंका. मागच्या टोकाला हंचबॅक नकोच आहे, तर आई तो एमआरएनए अख्ख्या अंड्यात भरते कशाला आणि मग तो अडवायला दुसरी तीन प्रथिनं ठेवते कशाला?

---

उत्तरध्रुव

वाटसरू, शंका बाळबोध नाही. १९८९ मध्ये याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. आईच्या जननपेशींतून हंचबॅक आणि नॅनोस दोन्ही काढून टाकले तर भ्रूणाचं पोट व्यवस्थित बनतं. फक्त नॅनोस काढला तर पोटाचे खंडच बनत नाहीत. म्हणजे पोट घडवण्यापुरतं बोलायचं तर नॅनोसचं काम एकच, मातृक हंचबॅक हटवणं. आणि मातृक हंचबॅक नसला तरी पुढच्या भागात बायकॉइड झायगोटिक हंचबॅक सुरू करतो, त्यामुळे मोठं नुकसान होत नाही.

नॅनोसची दुसरी कामंही आहेत. ध्रुवपेशी त्याच्याविना जननग्रंथीत नीट पोचत नाहीत आणि अंडाशयातल्या मूलपेशी टिकायलाही तो लागतो. त्यामुळे तो अंड्यात असतोच. उत्क्रांतीत कुठलं आधी आणि कुठलं नंतर हा मोठा विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

सूक्ष्मिका, तुम्हाला यातून एक सुंदर कंट्रोल फुकट मिळतो. नॅनोस म्युटंट आईची अंडी २४ ते ३० तास वाढू द्या, कोरिऑन काढा, होयर (स्लाइड बनवायचं द्रावण) आणि लॅक्टिक आम्ल सम प्रमाणात घेऊन त्यात ६५ अंशांवर रात्रभर ठेवा. क्युटिकलवर (बाहेरच्या कातडीवर) पोटाचे आठ दंतपट्टे असायला हवेत ते गायब दिसतील. प्रत्येक खेपेला हे आधी करा. पट्टे दिसले तर स्टॉकमध्ये गडबड आहे, पुढचं काही करू नका.

---

केंद्रक

आता को-आयपी, म्हणजे एक प्रथिन खेचून सोबत कोण येतं ते पाहणं.

मूळ अडचण ही: नॅनोस फक्त मागच्या टोकाला असतो, तिथून पुढे ओसरत जातो. प्युमिलिओ सगळीकडे. ब्रॅटही सगळीकडे. अख्खी भ्रूणं भरडलीत की मागच्या टोकाच्या थोड्याशा नॅनोसभोवती सगळ्या अंड्यातला प्युमिलिओ येतो. भ्रूणात कधीच न भेटलेले रेणू नळीत भेटतात. शिवाय १०० मिलिग्रॅम भ्रूणं १ मिली बफरमध्ये म्हणजे दहापट पातळ, तेव्हा खऱ्या पण सैल जोड्या सुटतात. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते.

यावर 'मिश्रण चाचणी' करा. एका माशीत जीएफपी-प्युमिलिओ, दुसरीत एचए (आणखी एक टॅग) लावलेला ब्रॅट. (अ) दोन्ही टॅग एकाच आईत. (आ) वेगवेगळ्या आयांची अंडी वेगवेगळी भरडून लायसेट नंतर एकत्र. दोन्हींत जीएफपी खेचा, एचए बघा. (आ) मध्येही (अ) इतकाच एचए आला तर ती जोडी नळीत बनली, भ्रूणाबद्दल तुम्हाला काही सांगता येत नाही.

प्रमाणं: एका नमुन्याला २०० मिलिग्रॅम. १ मिलिग्रॅममध्ये साधारण १०० अंडी धरा, म्हणजे वीस हजार. एकदम मिळत नाहीत. कोरिऑन काढून, टिपून, द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० ला साठवत जा.

बफर: ५० मिलिमोलर हेपेस पीएच ७.५, १०० ते १५० मिलिमोलर मीठ, २ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, ०.१ ते ०.५% एनपी-४०, १०% ग्लिसरॉल, १ मिलिमोलर डीटीटी, आरएनेज इनहिबिटर. प्रोटिएज इनहिबिटरची गोळी ईडीटीए नसलेली घ्या. नॅनोसचं आरएनए-प्रथिन धरणारं टोक झिंकवर उभं आहे, ईडीटीए ते झिंक ओढून घेतं.

ड्युन्समध्ये बर्फावर भरडा, १६,००० जी वर ४ अंशांना १५ मिनिटं. वर चरबीचा पांढरा थर, खाली गाळ, मधला थर सुई-सिरिंजने घ्या. चरबी आली तर बीड्स चिकट होतात आणि पार्श्वभूमी वाढते. बीड्स २० ते २५ मायक्रोलिटर, ४ अंशांना तास-दीड तास, रात्रभर नको. चार-पाच धुणी. इनपुट (खेचण्याआधीचा नमुना) २%. कंट्रोल म्हणून साध्या वन्य माश्या पुरत नाहीत, नुसता जीएफपी बनवणाऱ्या आयांची अंडी घ्या.

वेस्टर्नमध्ये बँड ओळखताना: प्युमिलिओ १५७ किलोडाल्टन, वर जीएफपीचे २७. त्याला ६ ते ८% जेल आणि ओल्या पद्धतीचा रात्रभराचा ट्रान्सफर हवा, अर्ध-कोरड्यात तो जेलमध्येच राहतो. नॅनोस ४३ च्या आसपास, आणि नेमके तिथेच, ४४ ते ४७ च्या मधे, तीन बलक प्रथिनांचे भलेमोठे पट्टे असतात. इनपुटच्या लेनमध्ये नॅनोसची रेघ त्यांच्यामुळे वाकडी होते किंवा दिसतच नाही. तुम्ही जीएफपी-ट्रॅप वापरताय ते बरं आहे, नाहीतर ५० ला अँटिबॉडीची जड साखळीही आली असती. नॅनोसवर टॅग लावता आला तर लावा, त्याने तो थोडा वर सरकतो.

टॅग लावलेलं प्युमिलिओ कुठून येतंय ते तपासा. जनुकाच्या मूळ जागी टॅग असेल तर उत्तम. यूएएस-गॅल४ ने (जनुक मुद्दाम सुरू करायच्या प्रणालीने) जादा बनवलेलं असेल तर मात्रा वाढून नसत्या जोड्या दिसतात. आणि जुना यूएएसटी वेक्टर मादीच्या जननपेशींत चालत नाही, तिथे यूएएसपी लागतो.

---

मंजिरी_ल

केंद्रक यांनी आरएनेजच्या कंट्रोलबद्दल लिहिलं नाही, आणि मला वाटतं या प्रकल्पात सर्वात मोठा गैरसमज तिथेच होईल.

सहसा शिकवतात की आरएनेज घातल्यावर जोडी तुटली तर ती 'खरी' नव्हती, दोघं एकाच आरएनएवर बसले होते इतकंच. इथे ते लावू नका. हंचबॅकच्या ३-प्राइम यूटीआरमध्ये (एमआरएनएच्या शेवटच्या, प्रथिन न बनणाऱ्या भागात) नॅनोस प्रतिसाद घटकाच्या दोन प्रती आहेत. प्रत्येकीत दोन खाचा. प्युमिलिओ यूजीयूए ने सुरू होणाऱ्या आठ बेसांवर बसतो, ब्रॅट शेजारच्या खाचेवर स्वतःच आरएनए धरतो. नॅनोस प्युमिलिओ आणि आरएनए दोघांना एकदम कवेत घेतो. आरएनए हा त्या संकुलाचा चौथा घटक आहे. तो कापलात की संकुल मोडणार, आणि तेच अपेक्षित आहे. आरएनेजने तुटणं हा इथे पुरावा आहे, आक्षेप नव्हे.

खरा कंट्रोल म्हणजे घटकाच्या खाचा बदललेला आरएनए. बॅक्टेरियात बनवलेले तिघांचे तुकडे घ्या: प्युमिलिओचा पीयूएफ भाग, नॅनोसचं सी-टोक, ब्रॅटचा एनएचएल भाग. ३०-३५ बेसांचा लेबल लावलेला आरएनए घेऊन जेल-शिफ्ट (प्रथिन बसलेला आरएनए जेलमध्ये मागे पडतो, ती चाचणी) करा. मूळ खाच, प्युमिलिओची खाच बिघडवलेली, ब्रॅटची खाच बिघडवलेली. प्रथिनं एकेक, मग दोन-दोन, मग तिन्ही. ज्या मात्रेत प्युमिलिओ एकटा अर्धवट बसतो त्या मात्रेवर नॅनोस घाला, बसणं घट्ट झालेलं दिसेल. प्युमिलिओ आधीच भरपूर घातलात तर नॅनोसचा परिणाम दिसायला जागाच उरत नाही.

---

केंद्रक

मान्य, हे माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. फक्त एक पुरवणी: आरएनेज घातल्यावर बीड्सवर प्युमिलिओ स्वतः तेवढाच उरलाय ना, ते दाखवा. नाहीतर तुटलं की गाळात गेलं, कळणार नाही.

---

पानगळ

एवढे सगळे फाटे फोडण्यापेक्षा टर्बोआयडी का नाही? प्युमिलिओला जोडा, शेजारी येणाऱ्या सगळ्यांवर बायोटिन लागेल, स्ट्रेप्टॅव्हिडिनवर खेचा, मास स्पेक. भरडल्यावर नळीत भेटण्याचा प्रश्नच येत नाही, कारण खूण आधीच लागलेली असते. किंवा बायएफसी: दोघांना अर्धा-अर्धा जीएफपी लावा, भेटले की चमकेल.

---

केंद्रक

टर्बोआयडीचा मुद्दा रास्त आहे, पण या वयात दोन अडथळे आहेत. व्हायटेलाइन पडद्यातून बायोटिन आत जात नाही, म्हणून ते आईला खाऊ घालावं लागतं. मग खूण अंडाशयातच लागायला सुरुवात होते. प्युमिलिओ आणि नॅनोस अंडाशयातल्या मूलपेशींतही एकत्र काम करतात, तिथे ब्रॅट त्यांचा साथीदार नसतो, उलट त्याच्यावरच त्यांची बंदी असते. अंडाशयातल्या आणि भ्रूणातल्या खुणा एकाच यादीत मिसळतील. शिवाय मास स्पेकमध्ये बलक प्रथिनं सगळीकडे डोकावतात. यादी मिळवायला पद्धत चांगली, 'पहिल्या तासात कोण' या प्रश्नाला नाही.

बायएफसी इथे मला अजिबात पटत नाही. दोन अर्धे एकदा जुळले की सुटत नाहीत, आणि चमकायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. चक्र नऊ मिनिटांचं असताना तो उशीर परवडत नाही. अख्ख्या जीएफपीलाही हा त्रास आहे. बायकॉइड-जीएफपीच्या उताराचा (टोकापासून घटत जाणाऱ्या प्रमाणाचा) आकार मोजताना रंग पिकण्याचा वेळ हिशोबात धरावा लागतो.

---

पानगळ

पटलं, विशेषतः अंडाशयाचा मुद्दा. मग निदान अंडाशयाचा वेगळा नमुना घेऊन वजाबाकी करता येईल?

---

मंजिरी_ल

यादी छोटी करायला उपयोगी पडेल. पण ज्या जोड्या दोन्हीकडे आहेत त्याही वजा होतील, आणि प्युमिलिओ-नॅनोस नेमकी तशीच जोडी आहे.

---

उत्तरध्रुव

सूक्ष्मिका, नॅनोसचा एमआरएनए मोजायचा मोह होईल म्हणून आधीच लिहितो. अंड्यातल्या नॅनोस एमआरएनएपैकी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास मागच्या टोकाला बांधलेला असतो. उरलेला सगळा पेशीद्रवात विखुरलेला असतो आणि त्याच्या ३-प्राइम यूटीआरवर स्मॉग बसून प्रथिन होऊ देत नाही. मागच्या टोकाला ऑस्कर हे प्रथिन स्मॉगला दूर ठेवतं, म्हणून तेवढ्यातूनच प्रथिन बनतं. क्यूपीसीआरमध्ये जो नॅनोस दिसेल त्यातला ९६ टक्के मुका आहे. एमआरएनएची मात्रा बघून प्रथिनाचा अंदाज बांधणं या भ्रूणात किती फसवं आहे, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

---

वाटसरू

आणि माणसात? हीच प्रथिनं असतात का?

---

उत्तरध्रुव

नॅनोस आणि प्युमिलिओ ही दोन्ही कुळं माणसातही आहेत, आणि नॅनोसचं जननपेशींतलं काम प्राण्यांमध्ये दूरवर टिकून आहे. पण सस्तन भ्रूणात डोकं-शेपूट अशी दिशा आईने अंड्यात भरलेल्या उतारावरून ठरत नाही. झायगोटिक जनुकं सुरू व्हायचा वेळही निराळा: उंदरात मुख्य लाट दोन पेशींच्या टप्प्यावर, माणसात आठच्या सुमारास, म्हणजे तिसऱ्या दिवशी. माशीचा हिशोब तिकडे जसाच्या तसा नेता येत नाही.

---

सूक्ष्मिका

सगळ्यांचे मनापासून आभार. नवी योजना:

१) प्रत्येक खेपेला क्युटिकल तपासणी. २) एचसीआर आणि हंचबॅक अँटिबॉडी एकाच भ्रूणात, वन्य आणि नॅनोस म्युटंट आयांची अंडी, वय डॅपीवरून. ३) ०-१, १-२, २-३ तास आणि अफलित अंडी, दर नळीत मोजलेली ३० भ्रूणं, बाहेरचा आरएनए, हेक्झामर, पी१ आणि पी२ चे वेगळे प्रायमर. ४) ०-२ तासांवर मिश्रण चाचणीसकट को-आयपी, आरएनेजसह आणि आरएनेजविना. ५) जमलं तर जेल-शिफ्ट.

को-आयपीला फॉर्माल्डिहाइडने आधी हलकं बांधून घेतलं तर?

---

केंद्रक

घेऊ शकता. हेप्टेनसोबत ०.१ ते ०.२%, १० मिनिटं, १२५ मिलिमोलर ग्लायसिनने थांबवा. ०.५ च्या वर गेलात तर भ्रूणं नीट भरडली जात नाहीत आणि प्युमिलिओसारखं मोठं प्रथिन गाळात जातं. बांधलेल्या नमुन्यात मिश्रण चाचणी पुन्हा करा. आता (आ) मध्ये एचए दिसायला नको. वेस्टर्नआधी ९५ अंशांवर २० ते ३० मिनिटं उकळा, नेहमीच्या पाच मिनिटांत बांधणी सुटत नाही आणि बँड जेलच्या माथ्याशी अडकतो.

तिसऱ्या मुद्द्यात एक बदल. २-३ तासांत चौदावं चक्र येतं आणि हंचबॅक दोन्ही प्रमोटरवरून पुन्हा सुरू होतो, म्हणजे पी१ चा आकडा त्या वेळी निव्वळ मातृक राहत नाही. तो बिंदू ठेवा, पण मातृक घटीचा उतार काढताना त्यात धरू नका. त्या वेळेचा मातृक हिशोब अफलित अंड्यांवरून करा.

---

मंजिरी_ल

कुमारी माद्या अंडी कमी घालतात. अफलित गटासाठी तिप्पट माद्या धरा, आणि त्यांना वंध्य नर मिळाले तर तेच लावा, अंडी जास्त मिळतात.